हजार रुपयांचा पूल

— न्हाई काका, बसा की, चहा सांगितलाय. पाटीवर काय कोरायचं ते कळलं मला. वर सिद्धोधन, खाली संघप्रिया, आनि मधी एक पिंपळाचं पान. जावयाच्या नव्या घराला सासऱ्याकडून पाटी — चांगलंय. देवगाव फाट्यावरचं दुसरं दुकान आज बंद हाय म्हनून तुमी इथं आलात, न्हाईतर आला नसतात, एवढं कळतंय मला. मीबी ओळख न दाखवता काम घेनार होतो. पन तुमीच म्हनलात, बुद्धभूषण ना तू? हौ, मीच. संघप्रियासाठी ज्याला बघायला निघालतात आनि ओढ्यावरूनच माघारी फिरलात, त्योच.

राग? राग कशाचा यायलाय. दगड बघा तुमी. त्यो तांबडा नका घेऊ, उन्हानं फिका पडतो. हा काळा बघा, भिंतीला टेकवलेला — असा दगड आता येत न्हाई. तुमच्यासाठी कमी करतो. लांबूनच बघा, लय जड हाय, हलवू नका.

सिद्धोधन माझ्या मावशीचा पोरगा, तुमाला ठावं हायच. नववीत दोघंबी एकाच बाकावर, दोघांनी बरोबरच शाळा सोडली. त्यो शेतीत गेला, मी दगडात आलो. दिसायला म्हनाल तर — जाऊ द्या. त्याच्यात माझ्यापेक्षा जास्त काय हाय? मी लय इचार केला काका. एक पूल जास्त हाय. बस.

ओढा एकच. वर आमची खडकवाडी, खाली त्याचं गाव. इलेक्शनच्या आधी एकाच दिवशी दोन्हीकडं पुलाचा नारळ फुटला, कुदळ मारली, फोटो काढले. भूमिपूजनाचे दोन्ही दगड मीच कोरलेले, आमदाराच्या नावाला सोनेरी रंग मीच भरलेला. आचारसंहिता लागायच्या आधी असाच घाईचा धंदा असतो आमचा — कुठं सभागृह, कुठं रस्ता, कुठं टाकी, हात सुजून यायचा. दगड न्यायला बांधकामाचे एक सायेब यायचे, इथंच बसायचे, तुमी बसलात तिथं. मी कुनाला काही इचारीत न्हाई, मला जमत न्हाई बोलायला. पन एकदा इचारलं, सायेब, एवढ्या कामाला सरकारकडं पैसा येतो कुठून? ते हसले. म्हनले, येत न्हाई. सरकारची मिळकत आधीच खर्चाला पुरंना, वरून कर्ज काढायलेत. पन इलेक्शनच्या वर्षी कुनाला न्हाई म्हनता येत न्हाई. मग बजेटमधी कामाचं नाव घालायचं आनि त्याच्यापुढं हजार रुपये ठेवायचे. नाव आलं की नारळ फोडता येतो. बाकीचं निकाल लागल्यावर बघू. हजार रुपये, काका. हजार रुपयात माझा दगडबी होत न्हाई, पूल कुठून व्हायचा?

निकाल लागल्यावर म्हनले तिजोरीत खड्डा हाय. जे काय उरलंसुरलं हुतं ते कुनाला गेलं? मला वाटलं आमाला — आमच्या गावानं सगळी मतं आमदारालाच दिली होती, सिद्धोधनच्या गावानं पाडायलाच बघितलं होतं त्याला. तर पूल त्यांना. आमची मतं हातचीच की, त्याच्यावर कशाला खर्चायचं? त्यांची वळवायचीत, म्हनून त्यांना. एवढं कळायला मला वर्ष लागलं. आनि बोलू कोनत्या तोंडानं? इलेक्शनच्या तोंडावर बायकायच्या खात्यावर पैसे पडायले, आईच्याबी पडले. ती दुवा देती त्यांना. किराना त्याच्यातच येतो, मीबी जेवतोच की. तिजोरी रिकामी करायला आमचं घरबी लागलंच थोडं.

तुमी फोनवर इचारलंत, पावसाळ्यात गावात गाडी जाती का? मी म्हनलं, पावसाळ्याच्या आत पूल होतोय, दगड मी स्वतः कोरलाय. खोटं न्हाई बोललो. हजार रुपयाचं ऐकून होतो, पन वाटलं ते दुसऱ्या गावाचं असंल. आमच्या गावाचं नाव मी दोनदा घासून कोरलं होतं, त्याच्यावर इस्वास बसला माझा.

मग तुमी आलात. तुमी पल्याड, मी अल्याड, मधी कमरेएवढं पानी. आईनं पुरन घातलं होतं. तुमी हात वर केलात, मला वाटलं बोलवायलेत — मी चप्पल काढून पान्यात उतरलो बी. तुमी निरोप घ्यायलतात. आठ दिवसांनी त्यांच्या नव्या पुलावरून तुमची जीप गेली म्हने. बाई माणसाला बाळंतपनाला न्यायचं असंल तर गाडी दारात पाहिजे, हे तुमचं बराबर हाय. मी तुमच्या जागी असतो तर — न्हाई, मी संघप्रियाच्या बापाच्या जागी नसतोच ना.

आमचा दगड? चौथरा पान्यानं नेला. दगड कुठं गेला कुनास ठाऊक.

अहो काका, त्याला हात नका लावू म्हनलं ना, बोटं चेंगरतील. मागून काय बघायचं, ती बाजू भिंतीत जाती, सिमेंटात, कुनाला दिसत न्हाई — पालथा कशाला करायलात —

...

वाचलंत ना.

हौ. खडकवाडी येथील पूल. चिखलातून मीच उपसला, खांद्यावर आनला. मागची बाजू कोरी होती. तिच्यावर तुमच्या लेकीचं नाव कोरनार होतो, चांगलं कोरलं असतं, पानबी काढलं असतं. त्यो रोज त्या दारातून आत गेला असता आनि भिंतीत आमचा पूल. कुनाला कळलं नसतं. मला तेवढंच पुरलं असतं.

दगड ठेवा खाली. न्हाई, तसाच — अक्षरं वर राहू द्या. ह्यो इकायचा न्हाई. सेलूत लय दुकानं हायत, चांगली पाटी मिळंल. गाडी लागलीय तुमची, तिकडं फाट्याच्या पल्याड.

चहा राहू द्या. जावा काका. जयभीम.