लाल बटण आणि मामांची शिट्टी

मला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की नव्या लाल बटणांवरचं प्लास्टिक आठवडाभर कुणी काढलंच नव्हतं. आमच्या सुप्याच्या कारखान्यात मशीन अडलं की बटण दाबायचं आणि फिटरच्या मोबाईलवर घंटा वाजायची, ही योजना माझी. शनिवारपर्यंत चालली नाही तर बटणं काढा, असं साहेबांनी बजावलेलं. पण माणसं तोंडात बोटं घालून शिट्टीच मारायची, आणि दर शिट्टीला मी दचकायचे.

शेवटी जुने फिटर शिंदेमामा यांनाच विचारलं, "घंटेला का येत नाही, मामा?"

"म्याडम, घंटा तर सासरवाडीचा फोन आला तरी वाजती. शिट्टी आली की कळतं, आपला मानूस अडलाय."

"मग मोबाईलमध्ये तुमचीच शिट्टी भरूया?"

"माजी? थांबा, आदी कवळी नीट बसवतो!"

शनिवारी साहेबांसमोरच मशीन बंद पडलं. मी बटण दाबलं. कुणीच येईना. साहेबांनी घड्याळ बघितलं, मी घाबरून दाबतच सुटले. इतक्यात कॅन्टीनकडून शिंदेमामा हातात पाना घेऊन पळत आले.

"आलो, आलो! बास करा म्याडम, माजीच शिट्टी मला किती येळा मारताय!"