कुरकुरीत वेगळं अन् कुडुमकुडुम वेगळं

...नाही, तुम्हीच सांगा, एका चकलीपायी माणसाचं घर मोडू शकते का? माझं मोडून राहिलं ना! हसा, हसा. पण आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, साऱ्या भानगडीचं मूळ तेच आहे... कुरकुरीत वेगळं अन् कुडुमकुडुम वेगळं! कुरकुरीत म्हणजे दात लावला की मोडलं, आवाज फक्त खाणाऱ्याले. कुडुमकुडुम म्हणजे तुम्ही खाऊन राहिले अन् तिसऱ्या खुर्चीवरचा वळून पाहते, काय फुटलं म्हणून!

तर झालं काय, की नवं राज्य झालं अन् आमचं रायपूर राजधानी झालं. राजधानी म्हणजे काय, बूढापाऱ्याच्या गल्लीत स्कूटर तशीच अडकते, नळाले पाणी तसंच अर्धा तास येते, पण पाट्या पाहा, जिकडेतिकडे 'राज्यस्तरीय'! आमच्या मराठी मंडळाची दिवाळीतली चकली स्पर्धा, पंधरा बायका अन् दोन सतरंज्या, तीही राज्यस्तरीय! अन् तिच्यात नऊ वर्षं पहिला नंबर कोणाचा? आमच्या सुशीलाचा. साऱ्या शील्ड तिनं टीव्हीवर मांडल्या आहेत, अर्ध्या बातम्या मले शील्डच्या मागून पाहाव्या लागतात.

यंदा भोपाळहून आमच्या ऑफिसात नवीन साहेब आले, आपलेच मराठी, अन् आले ते बदल्यांची यादी घेऊनच. यादीत तिसरं नाव माझं. जगदलपूर! इथून तीनशे किलोमीटर, पार जंगलात! अहो, माझी पोरगी चित्रा बारावीत, मी जाऊ कसा? अन् नेमकं त्याच साहेबांच्या मिसेसनं, शर्मिष्ठा मॅडमनं, स्पर्धेत चकली ठेवली! इथपर्यंत ठीक होतं हो... पण परीक्षकबाईचा पाय मुरगळला, अन् मंडळाचे सेक्रेटरी दत्तोपंत आले ना माझ्याकडे, पानाची पिचकारी सांभाळत, "श्रीपादभाऊ, तुम्हीच बसा परीक्षक."

म्हटलं, "दत्तोपंत, माझ्या बायकोची थाळी आहे तिथं!"

"तर काय झालं? थाळीवर नाव कुठं राहते? नंबर राहते, तोही आपला कोणता हे ठेवणारीलेही माहीत नसते. चिठ्ठी थाळीखाली. एकदम राज्यस्तरीय पद्धत!"

बसलो. तुम्ही म्हणाल, बायकोची चकली नवऱ्याले ओळखू येत नाही? दरवर्षी येते ना! कारण दरवर्षी साचा मी दाबतो. यंदा भोपाळच्या फायली मोजता मोजता माझीच चकली झाली होती, म्हणून साचा दाबला चित्रानं. अन् घरी चाखली काहून नाही? डॉक्टरनं तळलेलं बंद केलं म्हणून!

डॉक्टरची मनात माफी मागून तुकडा तुकडा चाखला. तेरा थाळ्या साऱ्या मऊ, सादळलेल्या. निराळ्या दोनच. एक चार नंबर. आहाहा! दात लागला अन् विरघळली. म्हटलं, ही आपली सुशीला! मग सात नंबर... अरे बाप्पा! पहिल्या घासाले कडाड, दुसऱ्याले माझी दाढ हलली. म्हटलं, ही मॅडम. भोपाळमध्ये नोकरचाकर, यांनी कुठं कढई पाहिली!

आता माझं डोकं पाहा कसं चाललं. पहिला नंबर सुशीलाले नाही दिला तर घर गेलं, मॅडमले काहीच नाही दिलं तर जगदलपूर. घेतला माईक अन् ठोकून दिलं, "बंधूभगिनींनो! कुरकुरीत वेगळं अन् कुडुमकुडुम वेगळं! म्हणून यंदा बक्षिसंही दोन. कुरकुरीतमध्ये पहिली, चार नंबर. अन् कुडुमकुडुमचा विशेष पुरस्कार, सात नंबर! काय ती चकली! हिच्यात लोखंड आहे, आपल्या रायपूरच्या उरला भागातल्या पोलाद कारखान्यांची ताकद आहे! ही तोंडात हार मानत नाही!" मी स्तुती करून राहिलो होतो हो, देवाशप्पथ! पण सारा हॉल खो खो हसाले लागला. अन् सगळ्यात मोठ्यानं कोण हसली? पहिल्या रांगेत बसलेली आमची सुशीला. पदर तोंडाले लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

दत्तोपंतांनी चिठ्ठ्या उघडल्या. "चार नंबर, शर्मिष्ठा मॅडम! सात नंबर..." अन् थांबले. माझ्याकडे पाहिलं. मंग हळूच वाचलं, "सौ. सुशीला श्रीपाद..."

पुढचं आडनाव कोणालेच ऐकू नाही आलं, इतका तो हॉल हसला. सुशीला तेवढी हसायची थांबली.

मॅडम स्टेजवर आल्या, अन् किती गोड बोलल्या! "अहो, याचं श्रेय सुशीलाताईंचंच. मी त्यांनाच फोन करून विचारलं होतं, पिठात तेलाचं मोहन किती घालायचं." म्हणजे मोहन सुशीलाचं, शील्ड मॅडमची!

रस्ताभर सुशीला स्कूटरवर मागं बसली, सात नंबरची थाळी मांडीवर धरून. घरी आल्यावर धीर करून विचारलं, "अगं, मॅडमले मोहन बरोबर सांगितलं, मंग तुझ्याच चकलीले काय झालं?"

चित्राच बोलली, हिंदीत, ती रागात असली की हिंदीतच बोलते. "पापा, मम्मी ने मोहन आधा डाला था। डॉक्टर ने तेल मना किया है ना आपको। बोल रही थी, कम तेल की बनाऊँगी तो पापा एक तो खा सकेंगे।"

मोहन अर्धं, म्हणून चकली दगड! नऊ वर्षांचा नंबर त्या बाईनं माझ्या एका चकलीसाठी घालवला, अन् मी माईकवर तिच्यात लोखंड शोधत होतो! लाज वाटली हो, खरंच लाज वाटली. तिनं ताट वाढलं. मऊ भात. त्यावर पातळ वरण. म्हणे, "खा. याचा आवाज नाही येत."

तेव्हापासून दोन्ही वेळा मऊ भात, आज सोळावा दिवस. जगदलपूर? ते रद्द झालं ना, साहेब खूश! शेवटी काल मीच अर्ज घेऊन गेलो, "साहेब, पाठवून द्या जगदलपूरले." साहेबांनी अर्ज वाचला, अन् माझ्या डोळ्यांदेखत फाडला. "श्रीपादराव, तुम्हाला कसं सोडणार? कुरकुरीत अन् कुडुमकुडुममधला फरक कळणारा एकच माणूस आहे या राज्यात. मॅडमचा हुकूम आहे, पुढच्या वर्षीही परीक्षक तुम्हीच."

हव साहेब, म्हटलं. अन् आलो घरी, भात खायले.