फलकावरचं नाव

बातमी छापली की काम होतं, असं तुम्ही मला नेहमी सांगता. नुकतंच झालं, ऐका.

धाराशिवच्या आमच्या उद्यान चौकात पालिकेनं चौकाच्या इतिहासाचा फलक लावला. खाली 'मान्यवर रहिवासी' म्हणून एक डॉक्टर, एक हेडमास्तर आणि चौकात जेमतेम चार महिने भाड्यानं राहिलेले एका नगरसेवकाचे वडील. रंगनाथ माळ्याचं नाव नाही. बागेतल्या पंपाच्या खोलीत त्यानं जन्म काढला, दुष्काळात घागरीनं पाणी घालून कडुनिंब जगवले. मी तावातावानं पालिकेत गेलो.

बाबू म्हणाला, "त्यांची घरपट्टीची पावती दाखवा. नाही ना? मग रहिवासी कसे?"

मी माझ्या पेपरात पहिल्या पानावर बातमी ठोकली. आठवड्यात फलकावर नाव लागलं. त्याच आठवड्यात रंगनाथच्या मागं त्या खोलीत एकटी राहणाऱ्या त्याच्या बायकोला नोटीस आली. आपण पालिकेच्या जागेत विनापरवाना राहता, हे बातमीवरून निदर्शनास आले, खोली रिकामी करावी.

म्हातारी नोटीस घेऊन माझ्या दारात उभी. मी म्हणालो, "मावशी, आपण भांडू."

"तुमी भांडलाव म्हणून तर हे आलं, सायब. आता एवढंच छापा, आमचे हे तिथं राहतच न्हवते. नाव खोडू द्या, खोली ऱ्हाऊ द्या."

इतक्या वर्षांत मी कुणाच्या बापाला खुलासा छापून दिला नाही. काल पहिला लिहिला, आणि तोही खोटा.