आमच्या वावरातला गेरवा

— नाई म्हटलं ना साहेब, काईच नाई आलं आमच्या गव्हावर. पानी प्या, अन् दुपारच्या मोटारीनं समुद्रपूरले परत जा. वावरात कायले जाता उन्हाचं? तुमच्या आधीचे शेतकी खात्याचे प्रभाकरराव साहेब होते तं गोष्ट वेगळी होती. त्यायची बदली झाली, तुम्ही आज पयल्यांदा आले, म्हनून सांगून राह्यली. त्यायनंच आमच्या वावरात त्या चार ओळी पेरल्या — मुद्दाम नाजूक गहू, तांबेरा पयले ज्याले धरते असा. आम्ही गेरवा म्हनतो त्याले. म्हने, बाई, रोग इथं पयले दिसन, मंग साऱ्या गावाले गंधकाची भुकटी मारता येईन, गहू वाचन. माह्या घरधन्याची छाती फुगली — आपल्या वावरात साहेब येते! पन गाव काय म्हनते, मालूम हाय? हेच लोक रोग पोसतात, इथूनच उडते म्हने साऱ्या शिवारात. साहेबानं किती समजावलं, रोग दुरून हवेनं येते — कोन आयकते? मागच्या साली माह्या पोरीची, माणिकची, सोयरीक तुटली ते ह्याच्यानंच. मी म्हटलं यायले, माणिकच्या बाबाले, वखर फिरवा त्या ओळीवरून. तं म्हनते, साहेबाले शबद देला मी. मंग? यायच्या शबदात पोरगी बी अडकली अन् मी बी.

काय? पदराले काय लागलं? — तो गेरू हाय. वट्ट्याले लावून राह्यली होती. पवनारचे पाहुने येऊन राह्यले ना उद्या, माणिकले पाहाले. — वट्ट्याकडे काऊन पाह्यता? हो, शेनानं सारवला हाय. गेरू लावाचा राह्यला…

बसा. बसा साहेब, हात जोडते तुमाले. गेरवा आला हाय. सकाळी गेलती मी, पानावर बोट फिरवलं तं बोट तांबडं झालं. पदराले पुसलं. कोनाले नाई सांगितलं, यायले बी नाई. फकस्त उद्याचा दिवस द्या. पाहुन्यायले पोरगी पसंत पडू द्या, सुपारी फुटू द्या, मंग मीच चावडीवर जाऊन ओरडन. एका दिवसानं काय होते? — हवा सुटली तं? हो, शेजारच्या रुख्माबाईचा गहू आमच्या बांधाले, धुऱ्यालेच लागून हाय. तिच्या घरी तिच्याबिगर करनारं कोनी नाई. मले का समजत नाई हे?

बरं, मंग रोग आला येवढंच म्हना. कोनाच्या वावरात, ते नका सांगू… हो, त्या ओळी आमच्याच वावरात हाय, हे साऱ्यायलेच मालूम हाय. न सांगता बी समजन.

हळू बोला. माणिक मांगं न्हाऊन राह्यली, उद्यासाठी केस धुते, तिले आयकू जाईन —

माणिक? कवापासून उभी हाय तू इथं?… काय म्हनली? तू जाते? साहेबाच्या संगं, चावडीवर?

अवो पोरी, थांब… केस तं बांध.