काचेसमोरचा थांबा

नाही नाही, ताई, शिवायला काही आणलेलं नाही — बसू का जरा? बसतोच. तुमचं मशीन चालू द्या. हो, मीच तो, रोज तुमच्या काचेसमोर उभा राहणारा. वाटलं असेल ना, म्हातारा चळला म्हणून? तुम्हालाच काय, आमच्या हिलाही तेच वाटतंय. काल ताट आपटलंन् माझ्यासमोर — ‘बरे त्या शिंपीणबाईच्या दारातच तुमचे पाय अडतात!’ आता खोटं काय बोलली? पायच अडतात. घरून निघालं की वळणापर्यंत ठीक, मग डावी पोटरी अशी आवळते, जशी कुणी पिळून वाळत घालतंय — आणि तुमच्या काचेपाशी आलं की पाऊल पुढे पडत नाही. उभं राहिलं की कळ जाते. मग चालायचं, मग परत कळ. रस्त्यात नुसतं उभं राहिलं तर दहा जण विचारतात, काय झालं काका? काचेसमोर उभ्या माणसाला कोण विचारतंय? तुमच्या जागी खिळे-मोळ्यांचं दुकान असतं तर ते बघितलं असतं, संसारही शाबूत राहिला असता.

डॉक्टर म्हणतो, पायाची रक्तवाहिनी आतून बुजलीय. विड्या ओढल्यात? ओढल्या की. आता अंगठा काळानिळा पडलाय — लगेच दाखल व्हा म्हणतो, नाहीतर पाय जाईल. पाय! अहो, चपलांच्या दुकानात लोकांच्या पायांशी बसून जन्म गेला माझा. अजून माणूस दिसला की नजर आधी खाली जाते. तुमच्या उजव्या चपलेचा पट्टा सुटत आलाय, टाका घालून घ्या.

हिला का नाही सांगत? कसं सांगू? तिच्या वडिलांचा पाय असाच कापला. परकरातली पोर होती, रोज पट्ट्या बदलायची — आणि तरी ते गेलेच. अजून दवाखान्याचा वास आला की तिला घास जात नाही. तिला परत तेच दाखवू? जीव तुटतो हो माझा. त्यापेक्षा नवरा बाहेरख्याली निघाला, हे बरं. रागावलेलं माणूस निदान जेवतं तरी. म्हणून आलो — ती जाब विचारायला आलीच, तर हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. नुसतं खाली बघा. एवढं कराच, ताई.

मशीन का थांबवलंत? मागे? मागे काय? पडद्याआड कुणी कपडा घालून बघतंय होय — बघू द्या, त्यांना काय कळतंय कुणाबद्दल — चपला दिसतायत खालून. डाव्या टाचेला ठिगळ आहे. ते ठिगळ — ते मीच लावलंय.

अगं, तू कधीची उभी आहेस तिथे?

ती उगारलेली छत्री खाली ठेव आधी. ठेव. आणि रडू नकोस, लोक बघतायत काचेतून. हो, डावा. नाही, दुसरा चांगला आहे — शपथ. बरं, बरं, दाखवतो.

ताई, ते स्टूल जरा इकडे सरकवा. मोजा काढायचाय.