पहिलं माप

(कुंभकोणम्. ओसरीत पल्लांगुळीचा लाकडी पट मांडलेला: चौदा खळगे, खळग्यांत चिंचोके.)

जयश्री — अण्णा, तो पट उचल आधी! सोमवारी पोरीची पुन्हा परीक्षा, अन् मामा-भाची चिंचोके खेळत बसलांत!

रंगा — शाळेत बाईंनी काय सांगटलं, तें तरी बोल.

जयश्री — काय सांगणार? कीर्तनाला मोजता येत नाही म्हणे. पहिलीत घेणार नाहीत. मैत्रिणी अस्क्या, झाडून सगळ्या, पुढं जातील, अन् ही अजून एक वर्ष बालवाडीत!

कीर्तना — मला येतं मोजायला.

रंगा — तुझी पाळी. कुठला खळगा उचलतेस?

कीर्तना — हा. ह्यातला शेवटचा चिंचोका तिथं पडतो. पुढचा खळगा रिकामा. त्याच्या पुढचे अस्के माझे!

रंगा — न टाकताच कळलं?

कीर्तना — डोळ्यांनी टाकले की.

रंगा — ऐकलंस, जयू? माझे नऊ चिंचोके गेले. म्हणे मोजता येत नाही!

जयश्री — मग बाईंपुढं तोंड का शिवून बसली? पाचच तर मणी होते.

कीर्तना — नाही शिवलं. पहिल्याच मण्याला बाईंनी थांबवलं. पुन्हा मोजले, पुन्हा थांबवलं.

रंगा — कसे मोजलेस? हे घे पाच चिंचोके. मोज.

कीर्तना — लाभ, दोन, तीन, चार, पाच.

जयश्री — लाभ?

कीर्तना — शाळेत तमिळात म्हटलं. लाबम्, रण्डु, मूणु...

जयश्री — अण्णा! हें तुझं काम!

रंगा — मी कुठं शिकवलं? चोळपुरम्‌ला घरच्या वाट्याचं भात मोजताना शेजारी बसली होती एवढंच. राशीच्या पहिल्या मापाला एक कोण म्हणतं? आपला आजाही लाभच म्हणायचा.

जयश्री — राशीला म्हणायचा, मण्यांना नव्हे! बाई मद्रासहून आलेल्या, त्यांना काय ठाऊक? तुझ्या लाभापायी माझ्या पोरीचं वर्ष गेलं असतं.

रंगा — चुकलो बाई. सोमवारी मी येतो शाळेत, बाईंना समजावतो. पटही आणतो. एक डाव हिच्याशी खेळू देत.

जयश्री — हरतील बिचाऱ्या.

रंगा — आधी तू खेळून बघ.

जयश्री — थांब रे. कीर्तना, सोमवारी पहिल्याला 'एक' म्हणायचं. कळलं? आता घरातली माणसं मोज बघू.

कीर्तना — आई लाभ, अप्पा दोन, मामा तीन, मी चार.

जयश्री — पुन्हा तेंच! आई एक.

कीर्तना — मण्यांना म्हणेन एक. तुला नाही म्हणणार.

जयश्री — का गं?

कीर्तना — लाभ म्हटलं की पुष्कळ होतं, मामा म्हणतो. एक म्हटलं तर तू एवढीशीच राहशील.

रंगा — आता बोल.

जयश्री — उगाच ओरडले लेकरावर... बरं, शाळेत एक, घरी लाभ. अण्णा, सरक तिकडं. माझे चिंचोके मांड.