कुत्रा कोणत्या जातीचा?

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते.

"पोरीने एवढा लांबलचक मेसेज पाठवला, आणि तुम्ही उत्तर काय दिलंत? कुत्रा कोणत्या जातीचा!"

"अगं, घरमालकिणीकडे कुत्रा आहे असं तिनेच लिहिलंय."

"आणखी काय लिहिलंय?"

"खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, पाणी दिवसभर असतं, खिडकीतून बाग दिसते. सगळं पाठ आहे माझं!"

"डोंबलाचं पाठांतर! खोली का घेतली, ते वाचलंत?"

"ते कुठे लिहिलंय?"

"पहिल्याच ओळीत! 'बाबा, मी सासर सोडलं.'"

"मला वाटलं, मुद्दा पुढे येईल."

"लावा फोन! कुत्र्याबद्दल एक शब्द काढलात तर याद राखा. एवढंच म्हणा, घरी ये."